ग्रामपंचायतीच्या स्लॅबवरची दहा फुटी डिश आमच्या खळ्यात

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या गाळ्यावर १९९३ पासून एक दहा फुटी, ॲल्युमिनियमच्या जाळीची डिश उभी होती. गेली काही वर्षं ती कुणाच्याच कामाची नव्हती. ती रीतसर विकत घेऊन, उतरवून, दुरुस्त करून मी आमच्या खळ्यात उभी केली आणि आता घरातला टीव्ही तिच्यावर चालतो. (खळं म्हणजे घरापुढचं अंगण.) नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्ज दिला, मार्च २०२५ मध्ये चित्र आलं. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत अशा डिशी अजून गंजत उभ्या आहेत आणि एकेक करून भंगारात चालल्या आहेत. कुणाला ती वाचवावीशी वाटली तर कुठे अडतं, किती वेळ जातो, किती पैसे लागतात हे आधी कळावं, म्हणून सगळं घडलं त्या क्रमाने लिहितो.

आधी हे करावंसं का वाटलं ते सांगतो. आमच्याकडे पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो. घरावरची छोटी डीटीएचची डिश केयू बँड या उपग्रह लहरींच्या पट्ट्यावर चालते. त्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे जोराचा पाऊस त्या वाटेतच शोषून घेतो. जुलैत मुसळधार लागली की टीव्हीवर 'सिग्नल नाही' अशी पाटी, आणि नेमकं त्याच वेळी आईला हवामानाची बातमी हवी असते. आमची वाडी खोलगट भागात आहे. वीज गेली की थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवरही झोपतो. घरात इन्व्हर्टर आहे, टीव्ही चालू असतो, पण दाखवायला काही नसतं. मोठ्या डिशी सी बँड या दुसऱ्या पट्ट्याच्या. त्यांची लहर साडेसात सेंटीमीटरची, ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ. पावसाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. उष्ण कटिबंधात, जिथे पाऊस असा कोसळतो, तिथे सी बँड टिकून राहिला त्याचं एक मोठं कारण हेच. म्हणजे आपल्या किनाऱ्यासाठी योग्य वस्तू गावातच उभी होती.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. अशा डिशवर पैसे भरून बघायच्या खासगी वाहिन्या येत नाहीत, त्या कुलूपबंद असतात. येतात त्या मोफत वाहिन्या. दूरदर्शनच्या बहुतेक, त्यात सह्याद्री, शिवाय आकाशवाणीची केंद्रं आणि थोड्या इतर. मालिकांसाठी हा खटाटोप करू नये. आमच्या घरात सह्याद्रीच्या बातम्या आणि आकाशवाणी एवढंच हवं होतं.

ही डिश गावात आणली ती भाऊकाकांनी. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही एशियासॅट-१ या उपग्रहावरून सुरू झाले आणि वर्षाच्या आतच भाऊकाकांनी मुंबईहून सामान आणून पंचायतीच्या गाळ्यात केबलची कंट्रोल रूम थाटली. या एशियासॅट-१ ची कथा मला या कामात कळली आणि फार आवडली. तो उपग्रह मुळात वेस्टार-६ या नावाने फेब्रुवारी १९८४ मध्ये सोडलेला होता. तो चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर परत आणला, दुरुस्ती झाली आणि एप्रिल १९९० मध्ये तो पुन्हा अवकाशात गेला. आमच्या डिशने पहिल्यांदा ज्याच्याकडे बघितलं तो उपग्रहच असा वाचवलेला होता. भंगारवाल्याशी बोलणी चालू असताना मला याचा मोठा आधार वाटला.

पुढे सेट-टॉप बॉक्सची सक्ती आली. ग्रामीण भागासाठी शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती. त्यानंतर लहान गावातल्या कंट्रोल रूमला अर्थ राहिला नाही, सिग्नल फायबरमधून बाहेरून येऊ लागला. भाऊकाकांनी धंदा बंद केला आणि गाळ्याचं थकलेलं भाडं डिश व लोखंडी सामानाच्या रूपात पंचायतीकडे वळतं केलं. त्यामुळे डिश पंचायतीच्या जडवस्तू नोंदवहीत चढलेली होती. माझ्या दृष्टीने कळीची बाब हीच. डिश खासगी माणसाची असेल तर एका पावतीवर काम होतं. सरकारी किंवा पंचायतीच्या नोंदीत असेल तर 'निर्लेखन', म्हणजे नोंदीतून ती वस्तू रीतसर कमी करणं, झाल्याशिवाय कुणीही ती देऊ शकत नाही, सरपंचसुद्धा नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ग्रामसेवकांना विचारा, ही वस्तू नोंदवहीत आहे का. उत्तर 'हो' असेल तर घाई मनातून काढून टाका.

मी ६ नोव्हेंबरला, दिवाळी उरकल्यावर लगेच अर्ज दिला. विधानसभेची आचारसंहिता चालू होती, त्यामुळे मालमत्तेच्या विक्रीचा विषय सभेपुढे घेता येणार नाही असं ग्रामसेवकांनी सांगितलं. २३ तारखेला मतमोजणी झाली, त्यानंतर आचारसंहिता उठली आणि अर्ज डिसेंबरच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर गेला. अर्ज लिहिताना मी 'डिश मिळावी' असं लिहिलं नाही. 'नोंदवहीतील अमुक क्रमांकाची वापरात नसलेली वस्तू निर्लेखित करून विक्रीस काढावी, मी ती चालू दराने घेण्यास तयार आहे व उतरवण्याचा खर्च आणि स्लॅबची दुरुस्ती माझ्याकडे' असं लिहिलं. शेवटच्या वाक्याचा उपयोग फार झाला. पावसाळ्यात त्या स्लॅबमधून गाळ्यात पाणी गळत होतं आणि सदस्यांना डिशपेक्षा गळतीची काळजी जास्त होती. सभेत एका ज्येष्ठ सदस्यांनी मला सरळच विचारलं, "तुका ता कित्याक होया?" मी पावसातल्या टीव्हीचं सांगितलं. त्यावर दोघा-तिघांनी आपापल्या घरची तीच तक्रार मांडली आणि ठराव झाला.

ठराव झाला तरी किंमत कोण ठरवणार हा प्रश्न उरतो. कागद मूल्यांकनासाठी तालुक्याला गेले आणि सगळ्यांत लांबलचक वाट तिथे पाहावी लागली. त्या आठवड्यांत मला खूप वेळा वाटलं की सोडून द्यावं. पण मूल्यांकन हवंच, कारण त्याशिवाय झालेली विक्री पुढे लेखापरीक्षणात निघते आणि त्याचा त्रास ग्रामसेवकांना होतो. त्यांना त्रास होईल असं काही मागायचं नाही हे मी ठरवलं होतं. किंमत भंगाराच्या वजनावर आली. ॲल्युमिनियम अंदाजे ४५ किलो, लोखंड ९० किलो, सरकारी बोली ८,००० रुपये. सात दिवसांची नोटीस फलकावर लागली आणि २० जानेवारीला जाहीर लिलाव झाला. माझ्यासमोर तालुक्याचा एक भंगारवाला होता. ८,६०० ला डिश माझ्या नावावर झाली. पावती, ठरावाची नक्कल आणि ताबा दिल्याचं पत्र, हे तिन्ही कागद त्याच दिवशी मागून घ्या. टेम्पोतून ॲल्युमिनियम नेताना कुणी विचारलं तर हेच दाखवावं लागतं.

२५ जानेवारीला सकाळी डिश उतरवली. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई वारा असतो, तो पडला की खारं वारं सुटेपर्यंत मधला वेळ शांत असतो. काम त्यातच उरकायचं. दहा फुटी डिश म्हणजे सात चौरस मीटरहून मोठं शीड, मोकळ्या स्लॅबवर ते हातातून सुटलं तर माणूस खाली जातो. मच्छीमार मित्राकडून नायलॉनचे दोर आणले होते, चारी बाजूंनी डिश बांधून मगच बोल्टांना हात लावला.

भाऊकाका खुर्ची टाकून खाली बसले होते. आता त्यांना जिना चढवत नाही, पण त्यांचा आवाज स्लॅबवर पोचत होता. "पाकळ्यांक आधी नंबर घाल. एकदा मिसळल्यो की परत बसाच्यो नाय!" हे अगदी खरं. पाकळ्या, म्हणजे डिशच्या जाळीचे सुटे भाग, दिसायला सारख्या, पण इतक्या वर्षांत प्रत्येकीची भोकं आपल्या शेजारणीशी जुळून बसलेली असतात. तेलरंगाने मागच्या बाजूला १ ते १२ आकडे घातले, फासळ्यांनाही तेच आकडे, आणि प्रत्येक जोडाचा फोटो काढला. उतरवण्याचा क्रम असा: आधी मधला एलएनबी (डिशने गोळा केलेला सिग्नल पकडणारं छोटं यंत्र) आणि त्याचे तीन दांडे, मग एकाआड एक पाकळ्या, म्हणजे तोल एका बाजूला जात नाही, आणि सर्वांत शेवटी मागचा सांगाडा. एलएनबीच्या तोंडात गांधीलमाशांचं पोळं होतं. हात घालण्याआधी लांबून बघा, धूर करा.

बोल्ट हा खरा शत्रू. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून असले की ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी होते आणि ती भोकात घट्ट बसते. आदल्या संध्याकाळी मी सगळ्या बोल्टांना डिझेल आणि गंजनाशक फवारा मारून ठेवला होता, तरी निम्म्याहून जास्त बोल्ट ग्राइंडरने कापावे लागले. गॅस कटर वापरू देऊ नका. वेल्डर तोच काढतो कारण लवकर होतं, पण उष्णतेने पाकळीची कड वाकते आणि ती पुन्हा सरळ होत नाही.

खांब स्लॅबमध्येच ओतलेला होता, तो बुडातून कापला. स्लॅबची भोकं बुजवून वर वॉटरप्रूफिंगचा थर दिला, गवंड्यासमोर पाणी ओतून बघितलं आणि ग्रामसेवकांना बोलावून दाखवलं. मग सामान छोट्या हत्ती टेम्पोत भरून घरी आणलं, भाडं १,८०० रुपये.

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा दुरुस्तीत गेला आणि हे दिवस मला मनापासून आवडले. जाळी गोड्या पाण्याने आणि साबणाने धुतली. तारेचा ब्रश ॲल्युमिनियमला लावायचा नाही, त्याला नायलॉनचा ब्रश. लोखंडी सांगाडा घासून त्याला रेड ऑक्साइड आणि वर दोन हात रंग दिला. नवे नटबोल्ट सगळे स्टेनलेसचे घेतले आणि जिथे लोखंड व ॲल्युमिनियम भिडतं तिथे नायलॉनचे वॉशर घातले. भाऊकाकांच्या मते १९९३ मध्ये हे वॉशर असते तर ग्राइंडर लागलाच नसता.

डिश जमिनीवर उपडी जोडून घेतली, मग उताणी केली आणि आकार तपासला. काठावर समोरासमोरच्या बिंदूंना दोन दोर फुलीसारखे ताणून बांधायचे. दोन्ही दोर मध्यावर एकमेकांना जेमतेम टेकले तर काठ एका पातळीत आहे. फट दिसली किंवा एक दोर दुसऱ्याला दाबू लागला तर डिश पिळवटली आहे. आमच्याकडे बोटभर फट होती, ती दोन फासळ्यांचे बोल्ट सैल करून, वाळूचं पोतं ठेवून बसवली. जाळीला पडलेले पोचे वाळूच्या पोत्यावर लाकडी हातोडीने हळूहळू सरळ केले. सी बँडला चार-पाच मिलिमीटरपर्यंतचा उंचसखलपणा चालतो, त्यामुळे आरशासारखी गुळगुळीत हवी असा हट्ट नको. जाळीची भोकंही सात मिलिमीटरहून लहान असली की लहरीला ती भरीव पत्र्यासारखीच.

मग नाभी, म्हणजे डिशवर आपटलेल्या लहरी जिथे एकवटतात तो बिंदू, काढली. डिशच्या व्यासाचा वर्ग करायचा आणि खोलीच्या सोळापटीने भागायचं. आमचा व्यास ३०५ सेंटीमीटर, मधली खोली ४८. ३०५ गुणिले ३०५ भागिले ७६८, उत्तर १२१ सेंटीमीटर. डिशच्या तळापासून इतक्या अंतरावर एलएनबीचं तोंड यायला हवं. जुने दांडे एका बाजूला खाली आले होते, हे या मापानेच कळलं. काठावरच्या तीन बिंदूंपासून एलएनबीच्या तोंडापर्यंत दोरीने मोजा, तिन्ही अंतरं सारखी आली की तो मध्यावर आहे.

जागा निवडताना सगळ्यांना माडांची भीती वाटते. आम्हाला हवा होता ९३.५ अंश पूर्वेचा उपग्रह. तिथे जीसॅट-१७ आहे, दूरदर्शनचा सी बँड त्यावर. देवगडहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण १२७ अंशांवर आणि क्षितिजापासून ६० अंश उंच दिसतो. साठ अंश म्हणजे बरंच वर. चाळीस फुटी माड त्या दिशेला पंचवीस फुटांवर असला तरी आड येत नाही. एकही कलम तोडावं लागलं नाही. दिशा काढायला आणखी सोपी खूण आहे: डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ वर चालतं तोही ९३.५ अंशांवरच आहे. शेजारच्या घरावर फ्री डिश असेल तर तिचं तोंड ज्या दिशेला, तीच आपली दिशा. उंचीसाठी मात्र तिच्याकडे बघू नका, त्या डिशची घडण वेगळी असते आणि ती प्रत्यक्षापेक्षा बरीच उभी दिसते. मोबाईलमधलं होकायंत्र लोखंडी पत्र्याच्या पडवीजवळ भरकटतं, म्हणून मोकळ्यात उभं राहून बघा.

१५ फेब्रुवारीला पाया ओतला. आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा दगड. अडीच फूट लांब-रुंद आणि साडेतीन फूट खोल खड्डा खणायला गवंडी तात्या आणि त्यांच्या जोडीदाराचा अख्खा दिवस गेला. तात्यांचा आग्रह होता की खड्डा तळाशी थोडा रुंद घ्यावा, म्हणजे काँक्रीट उपटून निघत नाही, आणि ते बरोबर होतं. दहा फुटी भरीव डिशवर ताशी दीडशे किलोमीटरचा वारा जवळपास एक टनाचा रेटा देतो. जाळीवर कमी, पण २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ इथून गेलं आहे, त्यामुळे हिशेब वादळाचाच धरायचा. नवा चार इंची पाइप ओळंबा लावून दोन बाजूंनी उभा केला. खांब तंतोतंत उभा नसेल तर पुढे दिशा बदलताना उंचीही बदलत जाते आणि उपग्रह हाताला लागत नाही. काँक्रीटला तीन आठवड्यांहून जास्त वेळ दिला, गोणपाट गुंडाळून रोज पाणी मारलं.

एलएनबी, मोफत वाहिन्यांचा रिसीव्हर आणि केबल माझ्या चुलतभावाने लॅमिंग्टन रोडवरून आणली. तो शिमग्याला येणारच होता. १२ मार्चला गावात चाकरमानी भरपूर, आठ जणांनी जोडलेली डिश उचलून खांबावर चढवली. त्याआधी महिनाभर मी माणसं कुठून आणायची या काळजीत होतो. गावात हात हवे असतील तर शिमगा किंवा गणपती गाठा.

दुसऱ्या दिवशी १३ मार्च, होळीपौर्णिमा. ही तारीख मी मुद्दाम धरली होती. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि सप्टेंबरच्या अखेरीला, सूर्य आपल्या बाजूने बघता उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. केबलवाल्यांना हे नकोसे दिवस, कारण तेवढी काही मिनिटं चित्र जातं. पण डिश लावणाऱ्याला यासारखं साधन नाही. आमच्या गावी, ९३.५ अंशांसाठी, ती वेळ सकाळी सव्वाअकराच्या जरा आधी येते. त्या क्षणी एलएनबीची सावली डिशच्या बरोबर मध्यावर पडली की डिश उपग्रहाकडे बघते आहे. यंत्र नको, मीटर नको. अकराला डिश साधारण ६० अंशांवर ठेवून आम्ही सावलीकडे बघत बसलो. भाऊकाका पायरीवर, आई ओसरीवर. सव्वाअकराला सावली तळाच्या चकतीपासून चार बोटं बाजूला होती. डिश तेवढी ढकलली, बोल्ट आवळले. डिश भरीव आणि चकचकीत असेल तर मात्र हे करताना तिच्यावर गोणपाट टाका, नाभीवर सगळं ऊन एकवटतं आणि एलएनबीची टोपी वितळते. जाळीलाही नाभीजवळ डोळा किंवा हात नेऊ नये.

रिसीव्हरमध्ये एलएनबीचा आकडा ५१५० घालायचा, सी बँडला तोच. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ डिश कुठेही फिरवली तरी भरलेली दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. क्वालिटी शून्यावरून हलली तरच उपग्रह सापडला. आमची पहिल्यांदाच तिशीच्या वर गेली. मग एलएनबी आपल्या आसाभोवती हळूहळू फिरवला. उपग्रह इतका पूर्वेला असल्याने तो सरळ उभा ठेवून चालत नाही, बराच तिरका करावा लागतो. क्वालिटी साठीच्या पुढे गेली आणि सह्याद्री लागलं. भाऊकाका उठून उभे राहिले. बराच वेळ ते बोलले नाहीत, मग म्हणाले, "ह्या डिशीन एवढा साफ चित्र तेव्हा पण दिल्यान नाय."

पण संध्याकाळी चित्र तुटू लागलं. दर थोड्या वेळाने चौकोन पडत आणि आवाज जाई. जोड तपासले, केबल तपासली, सगळं नीट होतं. कारण समोरच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, मोबाईल टॉवरमध्ये निघालं. २०२२ मध्ये फाइव्ह-जीसाठी लिलाव झालेल्या पट्ट्यांपैकी एक ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे सी बँडच्या अगदी उंबऱ्यावर. साधा एलएनबी ३.४ पासून सगळं आत घेतो आणि जवळच्या टॉवरच्या जोराखाली दबून जातो. उपाय म्हणजे ३.७ ते ४.२ एवढंच घेणारा, आत फिल्टर बसवलेला एलएनबी. तो १,६०० रुपयांना मागवला आणि गुढीपाडवा झाल्यावर, एप्रिलच्या सुरुवातीला मिळाला. बसवला त्या दिवसापासून चौकोन दिसलेले नाहीत. तुमच्या घरातून टॉवर दिसत असेल तर साध्याच्या वाटेला जाऊच नका.

पावसाळ्याआधी दोन कामं उरकली. केबलच्या प्रत्येक जोडावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळली, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा दिला, म्हणजे पाणी तिथून टपकतं, आत येत नाही. दुसरं काम अर्थिंग. मे आणि ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे विजा फार. कोरडा जांभा वीज सहज वाहू देत नाही, त्यामुळे खड्डा विहिरीच्या ओलसर बाजूला घेतला आणि मीठ-कोळसा भरून तांब्याची कांब पुरली. तरीही गडगडायला लागलं की केबल रिसीव्हरमधून काढून ठेवतो आणि तुम्हीही काढा. मग टीव्ही बंद राहतो, पण वीज कडाडत असताना दुसरा सुरक्षित मार्ग नाही.

खरी परीक्षा लवकर आली. २०२५ च्या मे महिन्याच्या विशीतच पाऊस कोसळू लागला आणि २५ मे रोजी मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. ती बातमी आईने सह्याद्रीवर बघितली, बाहेर पत्र्यावर पावसाचा इतका आवाज होता की टीव्ही मोठा करावा लागला. शेजारच्या छोट्या डिशीवर तेव्हा काही नव्हतं. आमची क्वालिटी पाच-सहा आकड्यांनी खाली येऊन तिथे थांबली. शेजारच्या काकी छत्री घेऊन आल्या आणि विचारलं, "पावसात पण दिसता मा?" त्या दिवसापासून बातम्यांच्या वेळी आमच्या ओसरीवर चार माणसं जास्त असतात.

खर्चाचा हिशेब जसा झाला तसा देतो. डिश ८,६००, टेम्पो १,८००, स्टेनलेसचे नटबोल्ट आणि वॉशर १,४५०, रंग आणि स्लॅबचं वॉटरप्रूफिंग मिळून १,९००, सिमेंट-खडी-रेती ३,४००, गवंडीकाम ३,२००, पाइप ३,१००, पहिला एलएनबी ५५०, दुसरा १,६००, रिसीव्हर १,५००, केबल ६६०, अर्थिंग १,४००. एकूण एकोणतीस हजारांच्या थोडं वर. नुसत्या टीव्हीसाठी ही रक्कम मोठी आहे हे मान्य करायला हवं. फ्री डिशचा संच याच्या दहाव्या हिश्श्यात बसतो आणि जिथे पाऊस बेताचा तिथे तोच घ्यावा. डिश कुणी फुकट दिली आणि जुना खांब वापरता आला तर आमच्यासारखा खर्च निम्म्याच्या जवळ येईल. सहा किंवा आठ फुटी मिळाली तर तीच घ्या, जीसॅट-१७ साठी ती पुरते आणि पाया, पाइप, माणसं सगळंच कमी लागतं.

देखभाल थोडी आहे. पावसाळा संपला की जाळी आणि बोल्ट गोड्या पाण्याने धुवायचे, कारण खार पावसात धुपतो तसा नंतर पुन्हा बसतो. जाळीत अडकलेली आंब्याची पानं काढायची. ३० सप्टेंबरच्या आसपास, या वेळी सकाळी अकराच्या जरा आधी, सूर्य पुन्हा उपग्रहामागे येईल, तेव्हा सावली बघून वाऱ्याने डिश हलली का ते कळेल. त्याच दिवशी जुना ५५० रुपयांचा एलएनबी फिल्टर लावून मुख्य एलएनबीच्या शेजारी, वीतभराहून थोडा लांब, बसवून बघणार आहे. तिथे ८३ अंशांवरच्या उपग्रहाचा सिग्नल पडायला हवा. कडेला असल्याने तो कमजोर असेल, पण डिश दहा फुटी आहे. तात्यांनी त्यासाठीची लोखंडी पट्टी आधीच कापून ठेवली आहे.